कंपनीतून निघालेला हलका लॅपटॉप : घ्यावा की घेऊ नये?

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात आमच्यासारख्या शिक्षकांना एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. "आपा, बच्ची को लॅपटॉप कौनसा लेना?" विचारणारे कधी यंत्रमागावर काम करणारे अब्बा असतात, कधी विड्या वळून घर चालवणारी अम्मी, तर कधी आखातातून फोन करणारे मामू. मुलीला पुण्यात प्रवेश मिळालेला असतो किंवा इथेच बी.कॉम., बी.सी.ए.ला नाव घातलेले असते. खिशात पंचवीस-तीस हजार रुपये असतात आणि ते पैसे पुन्हा जमायला दोन वर्षे लागणार असतात. चुकीची वस्तू घेतली तर बदलून घेण्याची ऐपत नसते, म्हणून हा प्रश्न आपल्या घरांत फक्त हौसेचा नाही.

एवढ्या पैशात दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे दुकानातला कोरा, पण सगळ्यांत खालच्या श्रेणीचा लॅपटॉप. तो खोक्यात येतो, त्याला वर्षभराची वॉरंटी असते, पण प्रोसेसर मंद, पडदा फिकट आणि झाकणाची बिजागरी नाजूक. दुसरा रस्ता म्हणजे मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले 'बिझनेस' लॅपटॉप. नवे असताना लाखाच्या वर किंमत असलेली ही यंत्रे नेहरू प्लेस, लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बाजारातून साफसूफ होऊन आपल्या नव्या पेठेपर्यंत पोहोचतात. त्यातही सध्या जास्त मागणी आहे ती हलक्या, पातळ लॅपटॉपना, आणि त्यांत सगळ्यांत ओळखीचे नाव म्हणजे लेनोवोचा थिंकपॅड एक्स-वन कार्बन. गेली तीन वर्षे मी या मालिकेतला 2018 सालचा, म्हणजे सहाव्या पिढीचा लॅपटॉप शाळेच्या आणि घरच्या कामाला वापरते आहे. म्हणून त्याचेच उदाहरण घेऊन या सगळ्या जातीचे गुणदोष सांगते. डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक बघत असाल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी थोडा इतिहास. थिंकपॅड हे नाव 1992 साली आयबीएम कंपनीने बाजारात आणले. काळा चौकोनी डबा आणि कीबोर्डच्या मधोमध जी, एच आणि बी या अक्षरांच्या बेचक्यात लाल ठिपका, हे त्याचे रूप जर्मन कारागीर रिचर्ड सॅपर यांच्या कल्पनेतून आले. जपानी लोक जेवणाचा जो चौकोनी डबा नेतात, तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. 2005 साली आयबीएमने आपला पीसीचा धंदा चीनच्या लेनोवो कंपनीला विकला, पण रंग, ठिपका आणि कीबोर्ड तसेच राहिले. 2012 साली याच घराण्यात पहिला एक्स-वन कार्बन आला. त्याच्या झाकणात कार्बनचे तंतू वापरलेले असल्यामुळे हे नाव पडले. 2014 साली कंपनीने वरच्या ओळीतली एफ-वन, एफ-टूची खरी बटणे काढून तिथे बोटाने स्पर्श करायची पट्टी बसवली. गिऱ्हाइकांना ती मुळीच आवडली नाही आणि पुढच्याच वर्षी बटणे परत आली. हा किस्सा मुद्दाम सांगते. हे यंत्र दिवसभर टंकलेखन करणाऱ्या माणसांसाठी बनते आणि त्या माणसांच्या तक्रारी कंपनीला ऐकाव्या लागतात, हे त्यावरून कळते.

आता वजन. सहाव्या पिढीच्या एक्स-वन कार्बनचे वजन साधारण 1.13 किलो आहे आणि पडदा चौदा इंची. घरगुती पंधरा इंची लॅपटॉप पावणेदोन किलोच्या आसपास जातो. गेमिंगचा घेतला तर सव्वादोन-अडीच किलो, शिवाय त्याचा विटेएवढा चार्जर वेगळा. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण सोलापूरहून पुण्याला शिकायला जाणारी मुलगी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडते, एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात अम्मीने बांधून दिलेला डबा, पाठीवर पुस्तके आणि लॅपटॉप. पुढे बस, मग हॉस्टेलचे तीन जिने. आणि हे फक्त सुट्टीचे. कॉलेज, लायब्ररी, क्लास असा रोजचा फेरा वेगळाच. माझ्या भाचीने पहिल्या वर्षी मोठा लॅपटॉप नेला होता. दोन महिन्यांत तिने तो कॉलेजला नेणे सोडून दिले आणि खोलीवरच ठेवू लागली. मग वर्गातले काम मोबाइलवर, आणि रात्री तेच पुन्हा लॅपटॉपवर. सोबत नेला जात नाही तो लॅपटॉप कितीही ताकदवान असो, त्या मुलीच्या दृष्टीने तो अर्धाच उपयोगाचा.

हलका असून तो तकलादू नाही, हा दुसरा गुण. या मालिकेतल्या यंत्रांची अमेरिकी लष्करी मानकांनुसार थंडी, उष्णता, धूळ, हादरे अशा चाचण्यांतून परीक्षा घेतली जाते. म्हणून तो जिन्यावरून पडला तरी काही होणार नाही असे नाही. पण झाकण एका कोपऱ्याला धरून उचलले तर पडदा लचकत नाही, बिजागरी सैल पडत नाही आणि कीबोर्डवर चहा सांडला तर थोडी उसंत मिळते. तळाचे झाकण उघडायचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. बॅटरी आणि एसएसडी स्क्रूने बसवलेल्या असतात, चिकटवलेल्या नाहीत. दुरुस्तीचे संपूर्ण पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत मिळते. आपल्या गावातल्या हुशार कारागिराला एवढे पुरेसे असते.

कीबोर्डबद्दल तर मी दोन पाने लिहू शकेन. आम्हा शिक्षकांचे काम टंकलेखनाचे. प्रश्नपत्रिका उर्दूत, अहवाल मराठीत, पोर्टलवरची माहिती इंग्रजीत. या कीबोर्डची बटणे खोलवर दाबली जातात, बोटाला ती किंचित खोलगट लागतात आणि तासभर टाइप केले तरी मनगट दुखत नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीला फार छळते. डाव्या कोपऱ्यात जिथे इतर बहुतेक लॅपटॉपवर कंट्रोलचे बटण असते तिथे इथे एफएनचे बटण आहे. कॉपी करायला जावे आणि काहीच होऊ नये. सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींची अदलाबदल करता येते, हे दुकानदार सांगत नाही.

उर्दूसाठी पडदा बघून घ्यावा लागतो आणि ही गोष्ट कुठल्याच परीक्षणात लिहिलेली नसते. मराठीची देवनागरी अक्षरे शिरोरेघेखाली उभी राहतात, साध्या पडद्यावरही ती वाचता येतात. नस्तालीकचे तसे नाही. तिथे शब्द तिरका खाली उतरत जातो, नुक्ते एकमेकांच्या जवळ येतात आणि स्वस्त पडद्यावर 'पे', 'चे' आणि 'से' यांचे तीन ठिपके मिळून एक डाग दिसतो. जुन्या बिझनेस लॅपटॉपमध्ये दोन प्रकारचे पडदे येतात. एक 1366 गुणिले 768 ठिपक्यांचा, दुसरा 1920 गुणिले 1080 चा. एक्स-वन कार्बनच्या सहाव्या पिढीत किमान दुसरा, म्हणजे बारीक ठिपक्यांचाच पडदा मिळतो. पण त्याच दुकानात त्याच्या शेजारी ठेवलेल्या इतर जुन्या यंत्रांत पहिला असू शकतो आणि किमतीतला फरक बहुतेक तिथूनच आलेला असतो. ई-बालभारतीवरून उर्दू माध्यमाचे एखादे पाठ्यपुस्तक उतरवून घ्या, दुकानातच उघडा आणि नेहमीच्या आकारात वाचून बघा. एका मिनिटात फैसला होतो. ज्यांना इनपेजवर काम करायचे आहे त्यांनी ते सॉफ्टवेअर आणि आपल्या जुन्या फाइली त्या यंत्रावर चालतात का, हेही पाहावे. साध्या टाइपसाठी विंडोजमध्येच उर्दू आणि मराठीचे कीबोर्ड असतात, वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

इथवर सगळे चांगलेच सांगितले. आता दोषांकडे येते, कारण पैसे तिथेच बुडतात.

सगळ्यांत मोठा दोष असा की या लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवर डाग देऊन पक्की बसवलेली असते. पहिल्या पिढीपासून एक्स-वन कार्बनची हीच तऱ्हा. सहाव्या पिढीत ती आठ किंवा सोळा जीबी येते. आठ घेतली तर आयुष्यभर आठ. दुकानदार सहज म्हणतो, "आत्ता आठ घ्या, पुढे वाढवून देतो." या यंत्रात ती वाढत नाही. आज ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या, एक ऑनलाइन तास आणि वर्डची फाइल उघडली की आठ जीबी भरते आणि यंत्र रांगायला लागते. म्हणून हा लॅपटॉप घ्यायचा तर सोळा जीबीचाच घ्यावा, नाहीतर सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-चार हजार वाचवून चार वर्षांचा मनस्ताप विकत घेण्यात शहाणपणा नाही.

ज्यांना पुढे रॅम वाढवायची सोय हवी आहे त्यांनी थोडे वजन सोसून त्याच वर्षाचा थिंकपॅड टी-480 किंवा एचपीचा एलिटबुक 840 जी-5 बघावा. दोन्हींत रॅमच्या दोन-दोन खाचा आहेत. टी-480 मध्ये तर दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. आतल्या बॅटरीवर यंत्र चालू ठेवून बाहेरची बदलता येते. तो दीड किलोच्या वर जातो, दिसायला जाडजूड आहे, पण ज्या घरात एकाच लॅपटॉपवर तीन भावंडे शिकणार आहेत तिथे मी तोच सुचवते. नाजूक वस्तू एका माणसाच्या हातात टिकते, तिघांच्या हातात टिकत नाही.

दुसरा दोष म्हणजे उष्णता. यात सोलापूरचा वाटा मोठा. पातळ डब्यात हवा खेळायला जागा कमी. आत एक लहानसा पंखा आणि एक तांब्याची नळी. प्रोसेसर पंधरा वॅटच्या जातीचा असतो. थोडा वेळ तो जोरात धावतो, गरम झाला की आपणहून वेग कमी करतो. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित ऑफिसात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण एप्रिल-मेमध्ये पारा 43 अंशांवर गेलेला, पत्र्याचे छप्पर आणि खोलीत एकच पंखा, अशा वेळी बंद झालेल्या विजेपेक्षा गरम झालेला लॅपटॉप जास्त वैताग देतो. त्यात आपल्याकडे ज्यांच्या घरातच माग आहेत किंवा जे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ राहतात, त्यांच्या हवेत सुताचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. पंखा हवा आत ओढतो, तिच्याबरोबर तंतूही जातात आणि पितळी जाळीसारख्या पट्ट्यांवर त्यांची गोधडी बसते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरचा लॅपटॉप सारखा बंद पडायचा. कारागिराने उघडला तेव्हा आतून टॉवेलच्या तुकड्यासारखा लोकरीचा थर निघाला. यंत्रात बाकी काहीही बिघाड नव्हता.

उपाय महाग नाहीत. मागाच्या घरात वर्षातून दोनदा, इतरांनी एकदा तळ उघडून मऊ ब्रशने पंखा साफ करून घ्यावा. प्रोसेसरवरचे वाळलेले पेस्ट जुन्या यंत्रात एकदा तरी बदलावे. आणि पलंगावर, चादरीवर ठेवून लॅपटॉप चालवू नये. याची हवा घ्यायची जाळी तळाला आहे. आपली सोलापुरी चादर कितीही नावाजलेली असली तरी ती जाळी झाकायला फार पटाईत आहे. रेहल घेऊन तिच्यावर लॅपटॉप ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. रेहलचा मान वेगळा, तिथे लॅपटॉप शोभत नाही. साधी लाकडी फळी किंवा दोन-तीनशे रुपयांचा स्टँड पुरतो.

बॅटरीचा हिशेब समजून घेतला तर फसगत टळते. या यंत्राची नवी बॅटरी 57 वॅट-तासांची असते. वाचन, टंकलेखन असे हलके काम चालू असेल तर यंत्र सात वॅटच्या आसपास खाते. म्हणजे नव्या बॅटरीवर आठ तास सहज निघतात. वापरलेल्या यंत्रात तीच बॅटरी 34 वॅट-तासांवर आलेली असू शकते, मग पाच तासांहून कमी. व्हिडिओ कॉल चालू केला की तेही अर्ध्यावर. दुकानदार पडद्यावर "शंभर टक्के" दाखवतो तो उरलेल्या क्षमतेचा शंभर टक्के असतो. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढायची सोय आहे, लेनोवोच्या व्हँटेज या प्रोग्राममध्येही दिसते. मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता हे दोन आकडे शेजारी शेजारी बघा. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. चार्जर मात्र या यंत्राचा मोठा आधार आहे. तो 65 वॅटचा यूएसबी-सी प्रकारचा असतो, त्यामुळे हरवला तर बाजारात सहज मिळतो आणि बहुतेक मोबाइलही त्यावरच चार्ज होतात. हॉस्टेलमध्ये एका प्लगसाठी भांडणे होतात तिथे याची किंमत कळते.

याच यूएसबी-सीच्या तोंडाशी एक जुना रोग आहे. 2017-18 च्या सुमाराच्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये, त्यांत हा एक्स-वन कार्बनही आला, थंडरबोल्टच्या फर्मवेअरमध्ये दोष निघाला होता. त्यामुळे काही यंत्रांची ही तोंडे काही काळाने निकामी व्हायची. लेनोवोने स्वतः सूचना काढून सुधारित फर्मवेअर दिले. ज्या यंत्रात ते वेळेत भरले गेले ते ठीक आहे, ज्यात नाही ते आज चालू असले तरी उद्याची खात्री नाही. म्हणून दोन्ही तोंडांत आलटून पालटून चार्जर आणि पेन ड्राइव्ह लावून बघायचे, दोन्ही चालली पाहिजेत. घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे व्हँटेजमधून सगळी अद्यतने भरून घेणे.

लहानसहान उणिवाही आहेत. आवाज तळातून येतो आणि दबका आहे. बयान किंवा व्याख्यान चार माणसांनी बसून ऐकायचे तर वेगळा स्पीकर लागतो. सातव्या पिढीत, म्हणजे 2019 च्या यंत्रात, हे बरेच सुधारले. कॅमेरा 720 चा, संध्याकाळच्या उजेडात चेहरा धुरकट दिसतो. पण त्याच्यावर सरकवून बंद करायचे लहानसे झाकण आहे. मुलींच्या खोलीत उघडा कॅमेरा नको असे वाटणाऱ्या आयांना ते फार आवडते, आणि मलाही. टॅली शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की उजव्या बाजूला आकड्यांची वेगळी बटणे नाहीत. दिवसभर व्हाउचर भरायची असतील तर वेगळा न्यूमपॅड जोडावा लागेल. एचडीएमआयचे पूर्ण आकाराचे तोंड आहे, पण आमच्यासारख्या शाळांतल्या जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीएचा जोड लागतोच. मागच्या बाजूला सिमकार्डची खाच दिसते म्हणून खूश होऊ नका. आत मोडेमचे कार्ड बसवलेले नसेल तर ती खाच रिकामी खोली आहे.

कीबोर्ड बिघडला तर मात्र खरा खर्च. टी-480 चा कीबोर्ड वरून सुटा काढता येतो. एक्स-वन कार्बनचा वरच्या संपूर्ण पॅनेलबरोबर बदलावा लागतो आणि त्यासाठी आतले जवळपास सगळे सोडवावे लागते. सुटा भाग पुण्याहून किंवा मुंबईहून येईपर्यंत आठवडा जातो. हलकेपणाची ही खरी किंमत आहे. जे जे पातळ, ते ते एकमेकांत गुंतलेले.

आता जो मुद्दा सध्या सगळ्यांत महत्त्वाचा आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची साधारण सेवा बंद केली. विंडोज 11 साठी कंपनीची अट अशी की इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा हवा आणि टीपीएम 2.0 हवे. याचा परिणाम बाजारात उघड दिसतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरची हजारो चांगली यंत्रे कंपन्यांनी बाहेर काढली आणि ती अगदी स्वस्तात मिळू लागली आहेत. त्यांवर कुठल्यातरी आडवाटेने विंडोज 11 भरून दिलेले असते. चालते, पण अधिकृत नाही, आणि पुढचे मोठे अद्यतन येईल तेव्हा काय होईल याची हमी कुणी देत नाही. बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची कागदपत्रे ज्या यंत्रावर होणार त्याच्या बाबतीत हा धोका मी पत्करणार नाही.

गोंधळ असा होतो की लॅपटॉपची पिढी वेगळी आणि प्रोसेसरची पिढी वेगळी. एक्स-वन कार्बनच्या सहाव्या पिढीत प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, म्हणून तो विंडोज 11 च्या यादीत बसतो. पाचव्या पिढीच्या एक्स-वन कार्बनमध्ये तो सातव्या पिढीचा, म्हणून बसत नाही. प्रोसेसरच्या नावात आय-फाइव्हच्या पुढचा आकडा बघायचा : 8250 असेल तर आठवी पिढी, 7200 असेल तर सातवी. दुकानदार तोंडाने काय म्हणतो ते नाही, सेटिंगमध्ये काय लिहिले आहे ते वाचायचे. ज्यांना फक्त वाचन, टंकलेखन आणि इंटरनेट एवढेच हवे आहे त्यांनी सातव्या पिढीच्या स्वस्त यंत्रावर लिनक्स भरून घ्यायलाही हरकत नाही. त्यात उर्दू आणि मराठी दोन्ही नीट चालतात. पण कॉलेजने सांगितलेले सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी विचारून घ्यावे.

घेताना आणखी एक सापळा आहे. हे लॅपटॉप कंपन्यांचे असतात आणि कंपन्या त्यांना कुलुपे लावतात. एका विद्यार्थिनीच्या भावाने बाहेरगावच्या एका दुकानातून असाच हलका लॅपटॉप आणला. महिनाभर छान चालला. मग विंडोज नव्याने भरायची वेळ आली आणि पडद्यावर एका परदेशी कंपनीचे नाव येऊन तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल मागू लागला. ते यंत्र त्या कंपनीच्या यादीतून काढलेलेच नव्हते. दुकानदाराने हात वर केले. म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला यंत्र पूर्ण रिसेट करायला सांगा, इंटरनेट जोडा आणि अगदी पहिल्या पडद्यापासून ते तुमच्या नावाने सुरू होते का ते बघा. अर्धा तास जातो, जाऊ द्या. तसेच चालू करताना बायोसमध्ये शिरून बघा. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला तर यंत्र खाली ठेवा आणि बाहेर या. थिंकपॅडवरचा तो पासवर्ड हरवला तर कंपनीचे अधिकृत उत्तर एकच आहे : मदरबोर्ड बदला.

तळाशी सिरियल नंबर असतो. लेनोवोच्या संकेतस्थळावर तो टाकला की यंत्र मुळात कोणत्या रूपात विकले गेले, वॉरंटी कधी संपली हे सगळे समोर येते. तोच नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्यावा. बिल नसलेला माल कितीही स्वस्त असो, तो कुणाच्या बॅगेतून निघाला आहे हे आपल्याला ठाऊक नसते. दोष सांगून वस्तू विकावी हे आपल्याकडे वेगळे शिकवावे लागत नाही. गावात असे विकणारे आहेतही. अशा दुकानदाराला दोन हजार जास्त दिले तरी ते वाया जात नाहीत. महिनाभराची का होईना, लेखी हमी घ्यावी.

पैशांविषयी. नव्या लॅपटॉपवर 'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी दिसते आणि व्याज नको म्हणणारी आपली माणसे तिकडे निर्धास्त वळतात. तिथे नीट बघा. बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट देऊन ते झाकते. त्या व्याजावर जीएसटी वेगळा, प्रक्रिया शुल्क वेगळे, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही ती वेगळीच. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी पाटी न वाचता बिलाचा तपशील वाचावा. आमच्या शाळेतल्या काही आयांनी भिशी लावून, पहिला नंबर जिच्या मुलीचा प्रवेश आधी तिला, असे करून तीन मुलींचे लॅपटॉप घेतले. कुणालाही एक रुपया जास्त द्यावा लागला नाही.

आणि हे यंत्र कुणी घेऊ नये? ज्याला यांत्रिकीचे त्रिमितीय आराखडे काढायचे आहेत, व्हिडिओ कापायचे आहेत, आर्टिफिशियल इंटेलिजन्सचे जड प्रयोग घरीच चालवायचे आहेत, त्याने घेऊ नये. यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. गेम खेळायचे म्हणून 'इंजिनिअरिंगला लागतोच' असे अब्बांना सांगून गेमिंगचा लॅपटॉप मागणारी मुले वेगळी, त्यांच्यासाठी हा लेख नाही. बी.कॉम., बी.एड., बी.सी.ए., कायदा, सी.ए., फार्मसी, उर्दू-मराठीचे एम.ए. यांना याची ताकद पुरून उरते. बजेट पन्नास हजारांच्या पुढे जात असेल तर अॅपलचा 2020 च्या शेवटी आलेला एम-वन मॅकबुक एअरही वापरलेला बघण्यासारखा आहे. त्यात पंखाच नाही, म्हणजे सुताच्या तंतूंचा प्रश्नच मिटला. पण त्याची रॅम आणि साठवण दोन्ही पक्की बसवलेली, आणि बिघडला तर सोलापुरात त्याला हात लावणारे मोजकेच.

जूनमध्ये गर्दी होते आणि भाव चढतात. दुकानात जाताना मुलीला सोबत न्या. वापरणार ती आहे. कीबोर्डवर तिला दहा मिनिटे टाइप करू द्या, बॅग पाठीवर घेऊन चार पावले चालू द्या, दोन्ही यूएसबी-सी तपासू द्या. वर सांगितलेले आकडे एका कागदावर लिहून तिच्या हातात द्या : प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, रॅम सोळा, पडदा 1920 चा, बॅटरी सत्तर टक्क्यांच्या वर, बायोसला कुलूप नाही, बिलावर सिरियल नंबर. यातले एक जरी जमत नसेल तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. पुढच्या आठवड्यात दुसरा माल येतोच.